घर कुंभारीत, काम शहरात : रे नगर, गोदूताई वसाहत आणि रोजची जा-ये

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. कष्टकऱ्यांना मिळालेली घरं आणि त्यांचं काम यांतल्या अंतरावर घरात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत बोलणं होतं. पण एका जागी सगळ्या बाजू मांडून कोणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

कष्टकऱ्यांच्या घरांचं सोलापुरात झालं एवढं मोठं काम आपल्याएवढ्या शहरांत क्वचितच झालं असेल. २००६ साली शहराबाहेर कुंभारीला कॉ. गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार महिलांची १० हजार घरं उभी राहिली. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग त्या कार्यक्रमाला आले होते. पुढे त्याच भागात रे नगर आलं. विडी, यंत्रमाग, बांधकाम, कचरावेचक अशा असंघटित कामगारांसाठी प्रधानमंत्री आवास योजनेतून ३० हजार घरं. पायाभरणी जानेवारी २०१९ ला, पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला, दोन्ही वेळा पंतप्रधान नरेंद्र मोदी आले. या सगळ्यामागे माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांनी आणि हजारो बायकांनी मोर्चे काढून काढलेली वर्षं आहेत. त्याबद्दल मला आदरच आहे, हे आधीच सांगतो.

आता मुद्दा. ३० हजार घरं म्हणजे घरटी सव्वाचार माणसं धरली तरी सव्वा लाखाच्या वर वस्ती. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या बार्शी शहराची लोकसंख्या याहून थोडी कमी होती. म्हणजे एक बार्शी आपण अक्कलकोट रोडला, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर नेऊन वसवतोय. पण या माणसांचं काम कुठं आहे? यंत्रमाग दत्त नगर, साखर पेठ, जोडभावी पेठेच्या गल्ल्यांत आणि एमआयडीसीत. विडीच्या ब्रँच, म्हणजे कारखान्याची माल द्यायची-घ्यायची ठिकाणं, जुन्या वस्त्यांत. धुण्याभांड्याची कामं होटगी रोड, जुळे सोलापूर, विजापूर रोडला. हमाली मार्केट यार्डात. सिव्हिल हॉस्पिटल शहरात, कॉलेजं शहरात, लेकीचं सासर नाहीतर माहेर तेही शहरात.

घर कुठं आहे यावर माणसाचा दिवस कसा जाणार, खिशातून किती जाणार, तब्येत कशी राहणार आणि शहराच्या हवेत किती धूर जाणार हे सगळं ठरतं. घर एकदा बांधलं की पन्नास वर्षं हलत नाही. म्हणून विचारतोय : तुमचा अनुभव काय? आणि आता घरं झालीच आहेत, तर पुढं काय करता येईल?

मिलचा_भोंगा

चांगला विषय काढलात अण्णा.

आमचं घराणं मिलवाल्यांचं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंगगिरजी, जाम मिल. या गिरण्यांनी कामगाराला जवळच ठेवला, कारण भोंगा झाला की माणूस वेळेत हजर पाहिजे. लक्ष्मी-विष्णू चाळ, एन. जी. मिल चाळ ही नावं आजही आहेत. मालकाला कामगाराचा पुळका होता असं नाही. पण त्यातून एक गोष्ट आपोआप झाली. वडील चालत कामाला जायचे, आई चालत बाजाराला जायची, आम्ही चालत शाळेत. सुट्टीला वडील घरी जेवून परत जात. तिकिटाचा खर्च असा घरात कधी नव्हताच.

गिरण्या बंद पडल्या, माणसं मागावर आणि विडीवर गेली, आणि भाड्याच्या एका खोलीत आली. आता त्यांना स्वतःचं घर मिळालं तर ते शहराच्या बाहेर. मधल्या काळात गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. शहराच्या पोटात एवढी जागा होती, त्यातली निम्मी जरी कामगारांच्या घरांना मिळाली असती तर आज हा धागा काढायची वेळ आली नसती.

कुंभारीची_सून

मी रे नगरात राहते. त्याआधी सासर नीलम नगरकडं, भाड्यानं. सासूबाई विडीवाल्या, मीपण वळते. दोन्हीकडचं बघितलंय म्हणून लिहायलीय.

पहिलं म्हणजे, तुम्ही सगळे "लांब, लांब" म्हणायलाव, पण आधी कुठं राहत होतो ते कोण विचारत नाही. दहा बाय दहाची खोली, सहा माणसं. संडास बाहेर, चार घरांत एक. पावसाळ्यात गटारीचं पाणी उंबऱ्यातनं आत. घरमालक दर अकरा महिन्यांनी खोली खाली करा म्हणायचा. लेकीला वयात आल्यावर कपडे बदलायला कोपरा नव्हता. आता स्वतःची मोरी आहे, संडास आहे, दाराला आतनं कडी आहे, आणि कागदावर माझं नाव आहे. माझं. ह्या योजनेत घर बाईच्या नावावर नाहीतर दोघांच्या नावावर असायला लागतं. नवरा चार शब्द जोरात बोलला तर घर कुणाचं हे मला माहीत आहे. ह्याची किंमत किलोमीटरात काढू नका.

आता त्रास सांगते, तोपण खरा आहे.

विडी ब्रँचला द्यायला जायला लागतं, तिथनंच दुसऱ्या दिवसाचा पाला, तंबाखू, दोरा आणायचा. आधी टोपली काखेत मारून पाच मिनिटांत पोचायचो. आता टमटममध्ये टोपली मांडीवर. शेजारचा माणूस दाबून बसला, खड्ड्यात गाडी आपटली, की खालच्या विड्या चेपतात. ब्रँचमध्ये चेकर एकेक जुडी उलटीपालटी करून बघतो, चेपलेली दिसली की छाट. छाट निघालेली विडी आपण वळलेली, पाला आपला संपलेला, मजुरी शून्य. म्हणजे भाडं गेलं ते गेलंच, वर मालपण गेला. मी आता टोपलीत खाली जुनी चादर घडी करून घालते, वरनं ओला पंचा, आणि पुढच्या सीटसाठी दोन गाड्या सोडते.

दुसरं, मी वरच्या मजल्यावर. जुन्या गल्लीत ओट्यावर सात-आठ जणी सूप घेऊन बसायचो. बोलत बोलत हजार विड्या कधी व्हायच्या कळायचं नाही. कुणाच्या पोराला ताप असला तर दुसरी बघायची. उसनेपासने तिथंच. इथं दार लावलं की आपण आणि भिंत. घरात तंबाखूचा खकाणा, उन्हाळ्यात वर स्लॅब तापलेला, मे महिन्यात सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. सासूबाई तर पहिले सहा महिने रोज म्हणायच्या, मला दत्त नगरला सोडून या. त्यांच्या बहिणी तिकडं. आता आम्ही खालच्या पार्किंगच्या सावलीत दुपारी एकत्र बसायला लागलोय, तेव्हापासनं जरा रुळल्यात.

जाऊ टॉवेल शिलाईला जायची. सुटायला आठ वाजायचे. त्या वेळेला परत यायला गाडी भरेपर्यंत थांबायला लागायचं, अंधारात. तिनं काम सोडलं. घर मिळालं आणि एक पगार गेला.

आकडेमोड

ताई, तुमची पोस्ट वाचल्यावर माझे आकडे किरकोळ वाटायला लागले. पण धाग्यात हवेतल्या धुराचा, म्हणजे कार्बनचा उल्लेख आहे आणि त्याबद्दल हवेत बोललं जातं, म्हणून हिशोब मांडतो. सगळा ढोबळ आहे, गृहीतकं सोबत देतो, कोणीही तपासून घ्या.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. दुचाकी लिटरला ५० देते असं धरा. म्हणजे किलोमीटरला ४६ ग्रॅम. कुंभारी ते शहर १२ किमी, जाऊन-येऊन २४, वर्षाला ३०० दिवस काम. ७,२०० किमी, १४४ लिटर पेट्रोल, सुमारे ३३० किलो कार्बन डायऑक्साइड. पेट्रोल १०५ रुपयांच्या आसपास धरलं तर वर्षाला १५ हजार रुपये. हप्ता, टायर, सर्व्हिसिंग वेगळं. सरकारने दिलेलं अनुदान (केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख) एका हाताने घ्यायचं आणि सोळा-सतरा वर्षांत पेट्रोल पंपावर परत द्यायचं, असा हा व्यवहार होतो.

आता तिसाच्या तीस हजार घरांतून एकेक माणूस दुचाकीवर गेला असं धरू. वर्षाला जवळपास १० हजार टन. ऐकायला मोठं आहे. पण आपल्याच जिल्ह्यात, आहेरवाडीजवळ, एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प आहे. कोळशाच्या विजेला युनिटमागे ०.९ किलो धरलं तर तो पूर्ण क्षमतेने चालताना एका तासात सुमारे १,२०० टन सोडतो. म्हणजे अख्ख्या रे नगरच्या वर्षभराच्या दुचाक्या = त्या प्रकल्पाचे साडेआठ तास.

आणखी एक. होटगी रोडचा माणूस एकटा कारमध्ये बसून ८ किमी गेला (लिटरला १५), तर सव्वा किलोच्या आसपास. रे नगरचा माणूस दुचाकीवर १२ किमी आला, तर साडेपाचशे ग्रॅम. अंतर दीडपट, धूर निम्म्याहून कमी.

म्हणून माझं स्पष्ट मत : कार्बनचं ओझं घरकुलवाल्यांच्या डोक्यावर ठेवू नका. त्यांचा वाटा छोटा आहे. पण त्यांच्या खिशातून, वेळेतून आणि झोपेतून जे जातंय ते मोठं आहे.

नियोजन_वाली

मी शहर नियोजनात काम करते, माहेर सोलापूरचं. कुंभारीच्या सूनबाईंनी जे लिहिलंय ते संशोधनातही जवळपास तसंच सापडतं, म्हणून सांगते.

अहमदाबादला १९८७ साली झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी घरांची सोडत निघाली होती. त्यातही विडी कामगार बायका होत्या. शहराच्या कडेला चांगली पक्की घरं. सोडतीत नाव निघणं हा नशिबाचा भाग, त्यामुळे नाव निघालेले आणि न निघालेले यांची तुलना सरळ करता येते. बार्नहार्ट, फील्ड आणि पांडे या अर्थतज्ज्ञांनी १४ वर्षांनी दोन्ही गटांना गाठलं. घर चांगलं मिळालं होतं, यात वाद नाही. पण कुटुंबाचं उत्पन्न वाढलेलं नव्हतं आणि मुलांच्या आयुष्यातही फरक पडलेला नव्हता. नातेवाईक आणि जातभाईंपासून तुटल्याची भावना जास्त होती, अडीनडीला मिळणारी मदत कमी झाली होती. ३४ टक्के विजेते त्या घरात कधी राहायलाच गेले नाहीत, आणि ३२ टक्के जाऊन नंतर बाहेर पडले. ओट्यावरचं उसनंपासनं म्हणजे या बायकांचा विमाच होता, तो हप्ता न भरता मिळत होता.

उलट उदाहरणही आहे, ते लपवत नाही. मुंबईत म्हाडाच्या सोडतीत घर लागलेल्या कुटुंबांचा अभ्यास तनू कुमार यांनी केला. तिथे मुलांचं शिक्षण आणि काम सुधारल्याचं दिसलं. पण तिथे घर भाड्याने द्यायची मोकळीक होती, म्हणजे घर लांब पडलं तरी ते उत्पन्नाचं साधन झालं. हा फरक महत्त्वाचा आहे. ज्या कुटुंबाला जागा सोयीची नाही त्याला त्या घरातच अडकवून ठेवलं तर घर मदत करत नाही.

आणि अगदी टोकाचं पाहायचं तर मुंबईतलं माहुल. रिफायनऱ्यांच्या शेजारी प्रकल्पग्रस्तांना नेऊन ठेवलं, माणसं आजारी पडली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की तिथे जायची सक्ती करू नका, पर्यायी घर देता येत नसेल तर महिना १५ हजार रुपये भाडं द्या. कुंभारीची हवा तशी नाही, ही तुलना करतही नाही. पण "घर दिलंय ना" एवढ्यावर सरकारचं काम संपत नाही, हे न्यायालयानेही मानलं.

भोंगा काका, गिरण्यांच्या जमिनीबद्दल तुमचं दुःख समजतं. पण त्या जमिनी बँका, कामगारांची देणी, कोर्टकज्जे यांत अडकल्या, आणि सुटल्या तेव्हा भाव एवढा होता की परवडणारं घर त्यात बसत नव्हतं. आवास योजनेत केंद्र घरामागे ठरलेली रक्कम देतं. जमीन महाग असो की स्वस्त, रक्कम तीच. मग जो कोणी प्रकल्प उभा करेल तो स्वस्त जमिनीकडेच जाणार. जागेचा दोष तिथे घर बांधणाऱ्यांचा नाही, तो त्या हिशोबाचा आहे. शहरात जागा मिळाली तर जास्त अनुदान, असं सूत्र असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं.

मिलचा_भोंगा

हे पटतं. पण मग त्याच योजनेत राहत्या जागेवर घर बांधायला पैसे मिळतात की. आमच्या गल्लीत दोघांनी तसं बांधलं. ज्यांच्या नावावर जागा आहे त्यांना कुंभारीला जायची गरज पडली नाही.

नियोजन_वाली

अगदी बरोबर काका, आणि अडचण तिथेच आहे. जागा नावावर पाहिजे. सोलापूरच्या पूर्व भागातले बरेच जण भाडेकरू, आणि झोपडपट्टीतल्यांकडे पट्टा, म्हणजे जागेच्या हक्काचा कागद नाही. सोलापुरातल्या जुन्या वस्त्यांमध्ये पट्टे द्यायचं काम जेवढं पुढे जाईल, तेवढी माणसं कामाजवळ राहतील. नवीन आवास योजनेत (२०२४ ची दुसरी आवृत्ती) भाड्याच्या घरांचाही घटक आहे. मागावर काम करणाऱ्या एकट्या माणसांना, नवीन लग्न झालेल्या जोडप्यांना शहरात स्वच्छ, परवडणारी भाड्याची खोली मिळाली तर मालकीचं घर लांब घ्यायची घाई राहणार नाही.

रिक्षास्टँड

मी अक्कलकोट नाका ते कुंभारी गाडी मारतो. वाचत होतो, राहवलं नाही.

सगळे म्हणतात टमटमवाले लुटतात, माणसं कोंबतात. सकाळी कुंभारीवरनं भरून निघतो, नाक्यावर रिकामी होते. परत जाताना कोण? एखादी म्हातारी, कॉलेजचं पोरगं. संध्याकाळी उलटं. म्हणजे एका फेरीच्या भाड्यात दोन फेऱ्यांचा गॅस भागवायचा. म्हणून भरल्याशिवाय निघत नाही. रात्री आठनंतर चार माणसांसाठी गेलो तर घरी काय नेऊ? ताईंच्या जावेचं वाचून वाईट वाटलं, असल्या बायका मी बघतो रोज. पण एकट्या गाडीवाल्यानं हे सुटत नाही.

कुंभारीत कॉलेज-हॉस्पिटल आहे, अश्विनीचं. तिकडं कामाला शहरातनं माणसं जातात, तेवढा वेळ उलटी गाडीपण भरते. तसंच अजून काही कामधंदा त्या बाजूला आला तर भाडं आपोआप उतरेल. नुसती घरंच घरं असली की रस्ता एका बाजूनंच भरतो.

आकडेमोड

दादा, तुम्ही लाख मोलाचं बोललात.

कार्बनचाही हिशोब तुमच्या बाजूचा निघतो. टमटम लिटरला २५ धरून आत पाच माणसं असली तर माणशी किलोमीटरला १८ ग्रॅम. डिझेलची सिटी बस लिटरला ४ देते, ४५ माणसं असली तर १५ ग्रॅम. फार फरक नाही. दुचाकीवर एकटा माणूस ४६. म्हणजे भरलेली टमटम बसच्या जवळपास चांगली. अडचण धुराची नाही, सुरक्षिततेची, भाड्याची आणि रात्रीच्या फेरीची आहे. आणि बस रिकामी पळाली तर दहा माणसांत ६७ ग्रॅम माणशी, दुचाकीपेक्षाही वाईट. दोन्ही दिशांना प्रवासी असणं हेच सगळ्यात महत्त्वाचं.

इलेक्ट्रिक बसबद्दल सगळे फार आशेने बोलतात. मीही त्या याव्यात या मताचा आहे. पण देशाची वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास. बस किलोमीटरला एक युनिट खाते. म्हणजे कार्बन डिझेल बसएवढाच. फायदा दुसरा आहे : सात रस्ता, टिळक चौक, बाळीवेस या भागात नाकात जाणारा धूर बंद होतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. तेव्हा हा फायदा छोटा नाही.

हत्तरसंग

शिक्षक आहे. पोरांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

घर बदलतं तेव्हा शाळा बदलतेच असं नाही. बरीच कुटुंबं मुलाचं नाव जुन्याच शाळेत ठेवतात, विशेषतः तेलुगू घरातली, कारण शाळेतले गुरुजी, मित्र, बोलीभाषा सगळं तिथे जमलेलं असतं. मग मूल आठवडाभर आजीकडे साखर पेठेत आणि रविवारी आई-बापाकडे कुंभारीत. पक्कं घर मिळालं, पण कुटुंब दोन ठिकाणी. माझ्या वर्गातला एक मुलगा सोमवारी हमखास पेंगतो, कारण पहाटेच्या गाडीने येतो. त्याला मी पहिल्या तासाला प्रश्न विचारत नाही, डबा खाल्ल्यावर विचारतो.

दहावीनंतर खरी गळती. मुलगा कसाही जातो, मित्राच्या गाडीवर, उभा राहून. मुलीच्या बाबतीत घरच्यांचा पहिला प्रश्न "येणार कशानं?" अकरावीला प्रवेश झाला तरी दिवाळीपर्यंत नाव असतं, मुलगी नसते. ती मग आईजवळ विडी वळायला बसते. एक वेळेवर येणारी, उजेड असलेली, कंडक्टर असलेली बस म्हणजे त्या मुलीचं शिक्षण, हे मी डोळ्यांनी बघतोय. यावर कुठल्या अहवालाची वाट बघायची मला गरज वाटत नाही.

कुंभारीची_सून

सर, तुमचं खरं आहे. माझी लेक नववीत आहे. तिच्या अकरावीचीच मला आत्तापासून काळजी.

एक विचारायचं होतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. अक्कलकोटच्या गाड्या आमच्यासमोरनंच जातात. पण सगळ्या थांबत नाहीत. त्या थांबल्या तर टमटमपेक्षा स्वस्त पडेल ना?

पूर्वभागकर

हो ताई. मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना निम्मं भाडं आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत. तुमच्या सासूबाईंचं वय तेवढं असेल तर दत्त नगरच्या बहिणींकडे जायला नाक्यापर्यंत तिकीटच लागणार नाही. सिटी बसला ही सवलत लागू होत नाही, पण अक्कलकोट मार्गावर एसटी आधीच पळतेय. नवीन बस खरेदी नको, नवीन मार्ग नको, फक्त वसाहतीच्या फाट्यावर अधिकृत थांबा पाहिजे आणि तो सकाळ-संध्याकाळच्या सगळ्या साध्या गाड्यांना बंधनकारक पाहिजे. यासाठी आगार व्यवस्थापकाकडे लेखी मागणी करता येते. ग्रामपंचायतीचा ठराव जोडला तर वजन येतं.

२००६ मध्येच केंद्राने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आणलं होतं. त्याचा गाभा असा की गाड्या नव्हे, माणसं हलली पाहिजेत. त्याच वर्षी गोदूताई वसाहतीच्या चाव्या दिल्या गेल्या. एकाच वर्षातले हे दोन कागद एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. घरं एका खात्याने बांधली, बस दुसऱ्याने चालवायची, शाळा तिसऱ्याची, दवाखाना चौथ्याचा. आणि वसाहत ग्रामपंचायतीच्या हद्दीत, माणसांचं काम महापालिकेच्या हद्दीत. कोणालाही विचारा, बोट दुसऱ्याकडे.

नियोजन_वाली

अण्णा, यात मी एक भर घालते. बसच्या आधीसुद्धा एक सोपी गोष्ट आहे : काम माणसाकडे नेणं. विडीचं काम मुळात घरात होतं. लांब आहे ती फक्त ब्रँच. जिथे एवढ्या विडीवाल्या एका जागी राहतात तिथे मालाची ने-आण कारखान्याच्या एका टेम्पोने करणं शेकडो टोपल्या टमटममधून हलवण्यापेक्षा सगळ्यांनाच स्वस्त. ताईंच्या छाटीचा प्रश्नही तिथेच सुटतो. टॉवेल शिलाई, शाळेचे गणवेश शिवणं (सोलापूरच्या गणवेशांना बाहेर मागणी आहे) हेही वसाहतीत तळमजल्यावरच्या शेडमध्ये होऊ शकतं. रिक्षावाल्या दादांनी सांगितलं तेच हे : उलटी गाडीही भरायला लागेल.

फक्त एक काळजी घ्यायला हवी. घरातच काम आणून मजुरी पाडायची, असं होता कामा नये. हजेरी, भविष्य निर्वाह निधी, विडी कामगाराचं ओळखपत्र हे सगळं टिकलं पाहिजे. संघटना तिथे मजबूत आहे, म्हणून मला आशा आहे.

मिलचा_भोंगा

आणि झाडं लावा. चालत जायला रस्ता असून उपयोग नाही, सावली पाहिजे. एप्रिलमध्ये त्या माळावरून वसाहतीच्या आतल्या टोकापासून फाट्यापर्यंत चालणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला शिक्षा आहे. कडुनिंब, करंज, चिंच. तीन वर्षं पाणी घाला, पुढं तीच बघून घेतील.

पूर्वभागकर

मंडळी, बोलणं भरपूर झालं. आता करायचं काय ते बघू. मी थांब्याच्या मागणीचा अर्ज तयार करतोय. नुसतं "बस द्या" म्हटलं तर कागद फाइलला लागतो, वेळा लिहिल्या तर अधिकाऱ्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. मला हे हवंय : एमआयडीसीतल्या पाळ्या कधी सुरू होतात, कधी सुटतात. शिलाईच्या बायका शेवटच्या किती वाजता बाहेर पडतात. कॉलेजचे पहिले तास. रिक्षावाले दादा, कुठल्या वेळेला किती गर्दी हे तुमच्याएवढं कोणालाच माहीत नाही, तेवढं लिहून द्याल का?

रिक्षास्टँड

देतो की. आमच्या स्टँडवरच्या बाकीच्यांनापण विचारतो. बस आली तर आमचं काय असं एक-दोघं म्हणतील. त्यांना सांगेन, फाट्यापासनं आत बिल्डिंगपर्यंत सोडायला गाडी लागणारच आहे.

कुंभारीची_सून

अण्णा, अर्जात सिव्हिलच्या ओपीडीची वेळ घाला. सकाळी लवकर केसपेपरच्या रांगेत लागलं तर दुपारी सुटका, नाहीतर दिवस गेला आणि त्या दिवसाची विडीपण गेली. ब्रँचची वेळ सकाळची आहे, तीपण घाला. आणि रात्रीची एक गाडी, शिलाई सुटल्यानंतरची, ती सगळ्यात वर लिहा. जाऊ म्हणाली, ती गाडी झाली तर परत कामाला जाईन.

सह्यांचं माझ्यावर सोडा. दुपारी दोन ते चार आम्ही खालीच बसलेलो असतो, हात विडीत असतात पण कान मोकळे असतात. तुम्ही कागद घेऊन या, वाचून दाखवा. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा चालतो का तेवढं आधी विचारून ठेवा.